अर्ज, वायर आणि मी

"मराठी विभागात लेख कमी पडतायत, काहीतरी दे ना" असं संपादक मंडळातल्या मित्राने सांगितलं तेव्हा मी आधी चक्क हसलो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटात. मराठी हा विषय होता, पण पास होण्यापुरता. 'एकोणसत्तर' म्हटलं की साठीतलं की सत्तरीतलं हे मला अजूनही मनात मोजून बघावं लागतं. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घ बरोबर असेल तर ते श्रेय माझ्या रूम पार्टनरचं, आणि चुकलेलं असेल तर ते माझं स्वतःचं. तरीही लिहितोय. हा लेख मराठीतच का लिहायचा होता, ते शेवटी सांगतो.

तर झालं असं...

माझा कॉम्प्युटर मूळचा माझ्या आतेभावाचा, २०१२ सालचा. फर्स्ट इयरला तो माझ्याकडे आला तेव्हाच रिटायरमेंटला टेकलेला होता. काउंटर-स्ट्राइक सुरू केलं की त्याचा पंखा असा काही बोंबलायचा की शेजारच्या रूममधली मुलं "मिक्सर बंद कर रे!" म्हणून भिंतीवर बुक्के मारायची. बिचाऱ्याने दोन वर्षं काढली. शेवटी मी ठरवलं, आता अपग्रेड.

सुट्टीतल्या इंटर्नशिपचे १२ हजार होते. उरलेले २२ हजार बाबांकडून "प्रोजेक्टला लागतंय, सिम्युलेशन फार जड असतात हो" असं सांगून घेतले. बाबांनी एकदाच विचारलं, "नक्की प्रोजेक्टसाठी ना?" मी हो म्हणालो. (बाबा, हा अंक घरी येणार आहे हे मला माहीत आहे. आपण सुट्टीत बोलू.)

नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, नवा एसएमपीएस, आणि पास आऊट झालेल्या एका सिनिअरकडून घेतलेलं सेकंडहॅंड ग्राफिक्स कार्ड. जोडणी झाली त्या रात्री अर्धी विंग आमच्या रूममध्ये. प्रत्येकाचं वेगळं मत. रूम पार्टनरने तर कॅबिनेटला उदबत्ती ओवाळली. बटण दाबलं, पंखा फिरला, स्क्रीन लागला आणि टाळ्या पडल्या.

फक्त नेट नव्हतं.

याचं कारण सोपं होतं. आमच्या हॉस्टेलमध्ये प्रत्येक मशीनचा मॅक ॲड्रेस नोंदवलेला असतो. हा ॲड्रेस नेटवर्क पोर्टचा असतो आणि पोर्ट असतो मदरबोर्डवर. बोर्ड बदलला म्हणजे हॉस्टेलच्या नेटवर्कच्या दृष्टीने मी नवीनच कुणीतरी पाहुणा. दुसऱ्या दिवशी फॉर्म भरून सर्व्हर रूममध्ये गेलो. नेटवर्कवाले काका तिथेच बसलेले असतात. काकांनी दहा मिनिटांत जुना ॲड्रेस काढून नवा टाकला आणि म्हणाले, "नवीन मशीन का? मजा आहे बुवा तुझी. अभ्यास पण कर जरा."

मी खुशीत रूमवर आलो. गेम सुरू केला. चौथ्या राउंडला मी दारामागे दबा धरून बसलेलो, समोरून पावलं ऐकू येतायत... आणि स्क्रीन गोठली. आठ-दहा सेकंदांनी नेट परत आलं तेव्हा मी मेलेलो होतो आणि चार जण मला शिव्या घालत होते.

पाच मिनिटांनी परत तेच. मग दोन मिनिटांनी. मग पंधरा मिनिटं काहीच नाही, आणि मग लागोपाठ तीनदा. नेट पूर्ण बंद असतं तर एक वेळ परवडलं असतं. हे येऊन-जाऊन असलेलं प्रकरण फार वाईट. प्रत्येक वेळी वाटतं की झालं बहुतेक नीट.

आता मी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. हार मानतो होय! पुढचे दोन आठवडे मी जे केलं ते असं: ड्रायव्हर काढून नवा टाकला. मग त्याच्याही आधीचा टाकला. वीज वाचवण्यासाठी नेटवर्क कार्डला झोपवणारी जी सेटिंग असते, ती बंद केली. अँटिव्हायरस काढला. विंडोज पुसून परत टाकलं (यात एका असाइनमेंटचा बळी गेला). बायॉस अपडेट केलं. दोन खिडक्या उघडून एकीत हॉस्टेलच्या गेटवेला आणि दुसरीत बाहेरच्या एका सर्व्हरला सतत पिंग लावून ठेवलं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. नेट तुटायचं तेव्हा दोन्ही पिंग एकदमच मरायचे. म्हणजे भानगड बाहेर कुठे नव्हती, माझं मशीन आणि हॉस्टेलचा स्विच यांच्या मधेच कुठेतरी होती. विंडोजच्या नोंदवहीत पण दर वेळी तीच ओळ, नेटवर्क लिंक तुटली.

आता जरा रूम पार्टनरबद्दल. तो यवतमाळ जिल्ह्यातला. घरी शेती, शाळा गावातलीच, मराठी मीडियम. त्याच्याकडे लॅपटॉप नाही. पहिल्या वर्षापासून तो माझाच कॉम्प्युटर वापरतो, तोही मी झोपल्यावर, कारण जागा असेपर्यंत मी उठत नाही. आजवर त्याने कधी कुरकुर केली नाही.

त्याला एका कंपनीच्या इंटर्नशिपसाठी ऑनलाइन टेस्टचं बोलावणं आलं. रविवारी सकाळी, दीड तास. शुक्रवारी तो वॉर्डनना विचारून लॅबची सोय करायला निघाला होता. मीच त्याला अडवलं. "अरे कशाला? आपल्याकडे वायरचं नेट आहे, नवीन मशीन आहे. मी कालच परत ड्रायव्हर बदललाय. काल संध्याकाळपासून एकदाही तुटलेलं नाही." आणि ते खरं होतं. गुरुवारी संध्याकाळपासून खरंच तुटलं नव्हतं. का तुटलं नव्हतं ते मला माहीत नव्हतं, पण मी ते क्रेडिट माझ्या ड्रायव्हरला देऊन टाकलं.

शनिवारी रात्री मशीन बंद केलं. रविवारी सकाळी चालू केलं, आणि टेस्टच्या पंचविसाव्या मिनिटाला लिंक तुटली. परत आली. चाळिसाव्या मिनिटाला परत तुटली. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा 'तुमची टेस्ट सबमिट झाली आहे' असं पान आलं. अजून पन्नास मिनिटं बाकी होती.

मी त्याच्यामागे उभा होतो. काय बोलावं ते सुचेना. तो थोडा वेळ स्क्रीनकडे बघत बसला, मग खुर्ची मागे सारून म्हणाला, "जाऊ दे ना बे. अशाही गणितं कठीणच होती." आणि बादली घेऊन आंघोळीला गेला. त्या दिवशी तो अर्धा तास बाथरूममध्ये होता.

कंपनीला मेल केला, उत्तर आलं नाही.

मला कुणावर तरी चिडायचं होतं. स्वतःवर चिडणं सोयीचं नव्हतं.

सोमवारी मी शास्त्रशुद्ध तपास सुरू केला. शेजारच्या रूममधल्या मुलाचा लॅपटॉप आणून माझीच वायर त्याला लावली, माझाच पोर्ट. तीन तास एकदाही नेट तुटलं नाही. म्हणजे वायर ठीक, पोर्ट ठीक. मग माझं मशीन उचलून खालच्या मजल्यावर मित्राच्या रूममध्ये नेलं, त्याच्या वायरला लावलं. तिथेही तीन तास ठणठणीत. म्हणजे मशीन ठीक. वायर ठीक, पोर्ट ठीक, मशीन ठीक, आणि तिन्ही एकत्र आले की बंद! मग उरलं काय? माझ्या पोर्टवर माझा नवा मॅक ॲड्रेस. तो कुणी टाकला? काकांनी. झालं. आरोपी सापडला.

मी रेक्टर सरांच्या नावे अर्ज लिहिला. इंग्रजीत. इंग्रजीत लिहायला लागलो की माझा हात सुटतो. काकांच्या हातून नोंदणीत चूक झाली, ती त्यांनी तपासली नाही आणि त्यामुळे एका गरीब विद्यार्थ्याच्या करिअरचं नुकसान झालं, असं मी तब्येतीत लिहिलं. 'ग्रॉस नेग्लिजन्स' हा शब्द दोनदा वापरला. दिसायला भारी दिसत होता. रूम पार्टनरने वाचून विचारलं, "तू काकाले एकदा विचारून तर पाह्य ना आधी?" मी म्हटलं, विचारून काय होणार, ते थोडेच कबूल करणार. विंगमधल्या २३ जणांच्या सह्या घेतल्या. नेटबद्दल तक्रार म्हटलं की सही कोण नाही करत! त्यातल्या निम्म्यांनी अर्ज वाचला पण नसेल. रूम पार्टनरने सही केली नाही.

बुधवारी संध्याकाळी दारावर टकटक झाली. काका. हातात टूल बॉक्स, खिशात माझ्या अर्जाची झेरॉक्स.

"बसू का?" म्हणाले. बसले. झेरॉक्स काढून माझ्यासमोर धरली.

"हे तुम्ही लिहिलंय ना? माझं इंग्रजी जरा कच्चं आहे. यात काय लिहिलंय ते मराठीत सांगा."

आजवर काका मला 'तू' म्हणायचे. त्या दिवशी 'तुम्ही' म्हणाले. एवढ्यानेच माझी अर्धी हवा गेली.

मी वाचायला लागलो. पहिली दोन वाक्यं कशीबशी झाली. तिसऱ्यात तो शब्द आला.

"थांबा. याचा अर्थ काय?" त्यांनी बोट ठेवलं.

"म्हणजे... निष्काळजीपणा."

"आणि त्याच्या आधीचा शब्द?"

मला मराठी शब्द आठवेना. खरं तर आठवत होता, तोंडातून निघत नव्हता. रूम पार्टनर खाली मान घालून पुस्तकात बघत होता. शेवटी मी म्हणालो, "घोर."

"घोर निष्काळजीपणा," काका म्हणाले. मोठ्याने नाही, नुसतं ऐकून बघितल्यासारखं. मग झेरॉक्सची घडी करून परत खिशात ठेवली. "मी काँट्रॅक्टवर आहे. दर मार्चला रिन्यूअल असतं. त्या फाईलला असं काही लागलं की वरचे विचारतात. तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो."

मला खरंच माहीत नव्हतं. आणि तोच जर अर्ज मी मराठीत लिहिला असता, तर तो शब्द माझ्या हातून उतरला असता का, हा प्रश्न मला त्या क्षणी पडला तो आजपर्यंत सुटलेला नाही. इंग्रजीत तो शब्द मला मार्क मिळवून देणारा शब्द वाटला होता. मराठीत तो समोर बसलेल्या माणसाला लागला.

काका उठले, मशीनच्या मागे वाकले. वायरचं टोक बाहेर काढून ट्यूबलाइटखाली धरलं. कनेक्टर पारदर्शक असतो, आतल्या तारांचे रंग दिसतात. टेस्टर वगैरे काही काढला नाही.

"ही कुणी क्रिम्प केली?"

"मी. फर्स्ट इयरला."

दुकानातली लांब वायर महाग पडते म्हणून मी सुटी वायर आणि कनेक्टर आणून स्वतः टोकं बसवली होती. पोर्ट रूम पार्टनरच्या कॉटमागे, माझं टेबल खिडकीशी, म्हणून भिंतीच्या कडेने फिरवलेली दहा मीटर वायर. मला तिचा अभिमान होता. रंग जोडीजोडीने ओळीत लावले होते, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना अगदी सारखा क्रम. दिसायला एकदम नीटनेटकं.

"क्रम दोन्हीकडे सारखा आहे की काका," मी म्हणालो.

"सारखा आहे. टेस्टर लावला तर तोही पास म्हणेल. टेस्टर फक्त तार कुठून कुठे जाते ते सांगतो. कुणाबरोबर जाते ते नाही सांगत."

मग त्यांनी जे समजावलं ते मला चार सेमिस्टरमध्ये कळलं नव्हतं, म्हणून इथे देतो. नेटवर्कच्या वायरमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या. प्रत्येक जोडीला पीळ असतो. तो शोभेसाठी नसतो. टेलिफोनच्या तारांना असा पीळ घालण्याची युक्ती ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्ये पेटंट केली. बाहेरचा गोंगाट पीळ घातलेल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो, आणि पलीकडचा पोर्ट त्या दोन तारांमधला फरकच तेवढा वाचतो. त्यामुळे गोंगाट आपोआप वजा होतो. अट एकच. एका सिग्नलच्या दोन तारा एकमेकींना पीळ घातलेल्याच असल्या पाहिजेत.

आणि गंमत इथेच आहे. कनेक्टरमध्ये जोड्या सरळ ओळीने नसतात. पहिली-दुसरी ही एक जोडी, सातवी-आठवी ही एक, चौथी-पाचवी ही एक, आणि तिसरीची जोडीदार असते थेट सहावी! म्हणून रंगांचा ठरलेला क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा जरा विचित्र वाटतो. मी तो 'सुधारून' सरळ केला होता. त्यामुळे माझी तिसरी तार चौथीच्या गळ्यात गळा घालून चालली होती आणि सहावी पाचवीच्या. जोडीदार भलतेच!

"पण काका, दोन वर्षं चाललं की हे!"

"जुन्या बोर्डचा पोर्ट शंभरचा होता ना?"

होता. १०० एमबीपीएसला चारपैकी दोनच जोड्या लागतात, पहिली-दुसरी आणि तिसरी-सहावी. चौथी-पाचवी गप्प असते. त्यामुळे माझी चूक होती, पण तिसरी-सहावीच्या कानात ओरडायला कुणी नव्हतं. नवा पोर्ट गिगाबिटचा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, आणि प्रत्येक जोडीवरून दोन्ही दिशांनी एकाच वेळी बोलणं चालतं. म्हणजे आता तिसरी-सहावी आणि चौथी-पाचवी एकमेकींच्या कानात ओरडत होत्या. सहन होईल तोवर लिंक टिकायची, मग तुटायची.

माझा शास्त्रशुद्ध तपास का फसला तेही कळलं. शेजाऱ्याच्या लॅपटॉपचा पोर्ट शंभरचाच निघाला. मित्राच्या रूममध्ये वायर कंपनीतून तयार होऊन आलेली होती. आणि तो गुरुवार? सारखी सारखी पडल्यावर लिंक कधीकधी स्वतःच शंभरवर उतरते आणि तिथे शांत राहते. शनिवारी मी मशीन बंद केलं, रविवारी ते परत गिगाबिटवर चढलं. स्पीड काय आहे हे विंडोजमध्ये दोन क्लिकवर दिसतं. दोन आठवड्यांत मी ते एकदाही बघितलं नव्हतं. मी नव्या वस्तूंकडेच बघत होतो. वायरीवर संशय आला नाही, कारण ती जुनी होती, चालत होती आणि मी बनवली होती.

काकांनी आधी सेटिंगमधून स्पीड शंभरवर बांधला आणि पिंग लावलं. पंधरा मिनिटं एक थेंब सांडला नाही. मग परत ऑटोवर टाकलं. तिसऱ्या मिनिटाला लिंक गेली. "बघितलं?" मग दोन्ही टोकं कापली, माझ्याकडे क्रिम्पिंग टूल दिलं आणि म्हणाले, "आता तुम्हीच करा. मी बघतो." तारांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू दिला नाही. पहिलं टोक फुकट गेलं, दुसरं जमलं. रात्रभर पिंग लावून ठेवलं. सकाळी बघितलं तर तीस हजारांच्या वर पिंग आणि एकही हरवलेलं नाही.

आता मंडळी, तुमचंही नेट असंच नवीन मशीन घेतल्यावर तुटायला लागलं असेल तर आधी लिंकचा स्पीड बघा. शंभरवर बांधून नीट चालत असेल तर वायर बदला किंवा टोकं परत मारा. विंडोज पुसू नका. आणि अर्ज तर मुळीच लिहू नका.

कारण वायर एका रात्रीत नीट झाली, अर्ज नीट करायला आठवडा लागला.

दुसरा अर्ज मी मराठीत लिहिला. तीन दिवस लागले. 'गैरसमजातून' असं लिहिलं होतं, रूम पार्टनरने ते खोडलं. म्हणाला, "गैरसमज नव्हता बे, तू विचारलंच नाही. तसं लिही." मग तसं लिहिलं: 'श्री. काकांना न विचारता आणि स्वतःची वायर न तपासता मी आरोप केला. आरोप खोटा होता.' दोन ओळी, पण पहिल्या अर्जाच्या दोन पानांपेक्षा जड गेल्या. २३ जणांच्या दारात परत गेलो. १९ जणांनी सही केली. चौघे म्हणाले, "झालं ना आता नीट, कशाला वाढवतोस?" या वेळी रूम पार्टनरने सगळ्यात आधी सही केली. रेक्टर सरांनी दोन्ही अर्ज एकत्र फाईलला लावले आणि माझ्याकडे असं काही बघितलं की मी बाकीचं आपोआप समजून घेतलं. मार्चमध्ये काकांचं रिन्यूअल झालं. ते कळेपर्यंत माझं कशात लक्ष नव्हतं.

रूम पार्टनरची ती टेस्ट मात्र परत झाली नाही. ती वायर नीट असती तर तो सिलेक्ट झाला असता की नाही, कुणालाच सांगता येणार नाही. तो म्हणतो नसता झाला. हे तो माझ्यासाठी म्हणतो, एवढं मराठी मला कळतं. आता संध्याकाळी सात ते दहा मशीन त्याचं. त्याची पुढची टेस्ट गेल्या महिन्यात झाली. दीड तास मी रूमबाहेर स्टूल टाकून बसलो होतो, कुणाला आत सोडलं नाही. लिंक एकदाही तुटली नाही. निकाल अजून यायचाय.

हा लेख मराठीत का, ते सांगायचं राहिलं. दर वर्षी अंक निघाला की एक प्रत सर्व्हर रूममध्ये जाते. मागच्या महिन्यात मी फॉर्म द्यायला गेलो होतो तेव्हा गेल्या वर्षीचा अंक काकांच्या टेबलावर होता, मराठी विभागाशी उघडलेला, वर चहाचा कप. म्हणाले, "काय रे, तू नाही का लिहीत कधी यात?"

'तू' म्हणाले. म्हणून लिहिलं.